कोणी पडायचं नाही

बिरवाडीहून कंपनीच्या बसने निघालं की डाव्या हाताला अजून थोडी भातखाचरं शिल्लक आहेत. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदाम, आणि मधे कुणीतरी हट्टाने लावलेलं भात. गेल्या आठवड्यात ते पोटरीला आलं. कणीस बाहेर दिसत नाही, पण ताटाचा वरचा भाग फुगतो आणि आत काहीतरी धरलंय हे बसच्या खिडकीतूनही कळतं. या दिवसांत शेतात फार कुणी शिरत नाही. लावणी झालेली असते, तण काढायची बेणणी झालेली असते, कापणीला अवकाश असतो. पाऊस पडला तरी धास्ती, नाही पडला तरी धास्ती. करण्यासारखं हातात काही नसतं.

हे दिवस लागले की मला रेश्मावहिनी आठवते, आणि तिच्याबरोबर घंटाराव आठवतो.

रेश्मा माझ्या दादाची बायको. आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर आहे, वीस-बावीस घरांची वाडी. दादा मुंबईला एका मॉलमध्ये वायरिंगचं काम बघतो. वहिनी आईजवळ वाडीवर राहायची, म्हशी, भात, नाचणी, सगळं दोघी बघायच्या. मी औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, तेव्हाही होते. बिरवाडीत एका घराच्या मागच्या बाजूला तळमजल्यावरची खोली माझ्याकडे भाड्याने होती. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि भिंतीपलीकडे मालकांचं नारळाचं झाड.

चार वर्षांपूर्वी वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले, त्याआधी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी तर पावसाने रस्त्यावर दरड आली होती आणि तिला खुर्चीत बसवून माणसांनी खाली आणलं होतं. तिसऱ्या वेळी महाडच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला वेळीच टाका घातला आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, "आता हिने झोपून राहायचं. पायऱ्या नाहीत, वजन नाही, प्रवास नाही. वाडीवर पाठवू नका. काही झालं तर अर्ध्या तासात माझ्यापर्यंत पोचली पाहिजे."

दादाची मुंबईतली खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यात आणखी तिघेजण. राहिली माझी खोली. श्रावण सरता सरता वहिनी एका पिशवीत चार गाऊन घेऊन माझ्याकडे आली आणि खिडकीजवळच्या कॉटवर डाव्या कुशीवर झोपली.

पुढच्या रविवारी दादा मुंबईहून आला तो खांद्यावर छोटा टीव्ही आणि पिशवीत गेमचं जुनं मशीन घेऊन. त्याच्याबरोबर राहणाऱ्या एकाने नवीन घेतलं होतं, म्हणून जुनं याला दिलं होतं.

"मी काय ल्हान हाय?" वहिनी म्हणाली.

"अगं, दिवसभर भिंती बघशील तर डोकं फिरेल तुझं," दादा वायर जोडत म्हणाला. "ह्यात मारामारी हाय, पण टेन्शन नाय लेनेका. एक टर्न तुझा, एक टर्न त्याचा. तू इचार करत बसलीस तर समोरचा राक्षस पण गप उभा राहतो. तुला घाई कोण करणार नाय."

खेळ इंग्रजीत होता. चार जणांची टोळी एका उजाड मुलखातून चालत निघते, वाटेत रानटी जनावरं, चोर, भुतं. रात्र झाली की शेकोटीपाशी मुक्काम पडतो, आणि तिथवरचा खेळ मशीन लक्षात ठेवतं. लढाईत कुणाचं बळ किती उरलंय ते नावाखालच्या लाल पट्टीवर दिसतं. चौघांची मूळ नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून वहिनीने बारसं केलं. ढालवाला उंच माणूस तो भाऊ. धनुष्यवाली किडकिडीत बाई काडी. जखमा बऱ्या करणारा दाढीवाला म्हातारा तात्या. आणि चोरटी, सगळ्यात बुटकी पोर, ती चिंगी. कंट्रोलरला ती रिमोट म्हणायची, मग मीही म्हणायला लागले.

पहिल्या काही दिवसांत मी कामावरून यायचे, भात लावायचे आणि तिला पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायचे. एका दुपारी लांडग्यांची झुंड आली आणि चिंगी पडली. बाकीचे तिघे तिच्याशेजारी हत्यारं घेऊन उभेच होते. पडद्यावर सूचना आली.

"काय म्हणतंय ते?" वहिनीने विचारलं.

"पिशवीत हिरवी बाटली आहे ना, ती दिली की चिंगी उठते. सोपं आहे."

मी हे म्हणेपर्यंत तिने मशीन बंद केलं होतं.

"अगं! उठते ती. खेळातच तसं आहे."

"नको. मागच्या मुक्कामापास्नं परत." तिचा आवाज अगदी साधा होता. "कोणी पडायचं नाय. पडल्यावर उठवायचं नाय, पडायचंच नाय."

मी हसले. नवीन खेळणाऱ्याची हौस, चार दिवसांत जिरेल असं वाटलं. संध्याकाळी कणीक मळताना माझ्या लक्षात आलं की ही हौस नाही. मी तशीच मळत राहिले. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

नियम सांगायला सोपा होता, पण त्याने सगळा खेळच उलटापालटा झाला. अशा खेळांत माणसं तयार होतात ती लढून लढून. चार पडल्या-झडल्या लढाया केल्या की ताकद वाढते आणि मग मोठ्या राक्षसापुढे उभं राहता येतं. पण प्रत्येक लढाईत कुणीतरी पडण्याची भीती, म्हणून वहिनी लढायाच टाळायची. लांडगे दिसले की वळसा, चोर दिसले की झाडामागे. त्यामुळे आमची टोळी जिथे पोचायची तिथे तिथल्या मानाने अशक्त असायची. हिरव्या बाटल्यांचा पिशवीत ढीग साठला होता. एकीलाही तिने हात लावला नाही. एखाद्या साध्या लढाईत चिंगीची पट्टी नखाएवढी उरली की वहिनी रिमोट उशीवर ठेवायची, पाणी प्यायची, आणि मग पुढचा टर्न.

आमच्या प्रयोगशाळेत हल्ली एक तरुण मुलगा लागला आहे. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, असं तर जगभर लोक खेळतात. कुणी चिलखत न घालता, कुणी एकही वस्तू न वापरता. रेकॉर्ड करून नेटवर टाकतात." मला तेव्हा हे माहीत नव्हतं. वहिनीला तर नव्हतंच. जगात कुणी स्वतःच्या हाताने स्वतःची वाट अवघड करून घेतं आणि ते लोकांना दाखवतं, हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यांना दुसरं काम नाय?

त्या दिवसांची हवा मला अजून अंगावर जाणवते. भाद्रपद संपत आला तशी पावसाची झड तुटली आणि ऊन तापायला लागलं. खिडकीतून कधी ओल्या गवताचा वास यायचा, कधी वारा फिरला की कारखान्यांकडून आंबूस, घशाला बोचणारा. वास आला की वहिनी ओढणीचं टोक नाकाला लावायची. "तुझ्या कंपनीचा काय गो हा?" ती विचारायची. आमचा नाही, बाजूच्या कंपनीचा, असं मी दरवेळी सांगायचे. मालकांचा नारळ दुपारी तिच्या पायांवर सावली टाकायचा, ती सावली कॉटवरून सरकत भिंतीवर गेली की मी येण्याची वेळ झाली असं ती समजायची.

आईला म्हशी टाकून येता येत नव्हतं. वाडीवर तेव्हा फोन लागायचा तो देवळामागच्या कातळावर चढलं तरच. आई संध्याकाळी तिथे जाऊन फोन करायची. पहिले काही दिवस ती वहिनीला विचारायची, "बरी हायस ना?" आणि पुढे काही विचारणं तिच्या तोंडून निघायचं नाही. दोनदा विचारून झालं होतं, दोनदा तिने बाळंतविड्याची दुपटी काढून धुतली होती. तिसऱ्यांदा त्या गोष्टीचं नाव घ्यायलाच ती तयार नव्हती. घेतलं तर नजर लागेल, असंच काहीसं असावं. मग एकदा वहिनीने सहज तिला चिंगी-तात्याचं सांगितलं, आणि आईला दार सापडलं.

"तुमची ती चौघं बरी हायत ना?" ती विचारायला लागली.

"बरी हायत, आई."

"कोण पडलं नाय ना?"

"नाय पडलं."

"मंग झालं. ऱ्हवा सांभाळून."

एवढंच बोलणं व्हायचं, आणि फोन ठेवताना आईचा आवाज मोकळा झालेला असायचा.

एकदा मात्र शेजारणीला म्हशींवर ठेवून ती एसटीने आली. पिशवीत भलंमोठं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, घरचे पोहे, आणि केळीच्या पानात बांधलेला खरवस. आल्या आल्या वहिनीच्या कपाळावरून हात फिरवला आणि कॉटच्या पायथ्याशी बसून टीव्हीकडे बघत राहिली.

"ह्यातला तात्या कंचा?"

"तो दाढीवाला."

"हा काय करतो?"

"बाकीच्यांना बरं करतो."

"आन् ह्याला कोण बरं करतं?"

वहिनीने टीव्हीकडे पाहिलं. "हा आपला आपणच," ती म्हणाली. आईने मान हलवली, तवसं चिरायला घेतलं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

आश्विन लागला तेव्हा आमची चौघं एका पडक्या किल्ल्यात पोचली आणि तिथे घंटाराव भेटला.

दारातून आत मावणार नाही एवढं धूड, हातात सोटा, गळ्यात घंटा. आमच्या चौघांची एक फेरी झाली की त्याचा टर्न. दोन फेऱ्या तो सोट्याने कुणातरी एकाला हाणायचा. तिसऱ्या फेरीला घंटा वाजवायचा, आणि ती चौघांनाही एकदम लागायची. इथवर आम्ही कसंबसं निभावत होतो. पण त्याची लाल पट्टी निम्म्याखाली गेली की तो चवताळायचा आणि घंटा लागोपाठ दोनदा वाजवायचा. दोन घंटांच्या मधे आमची एकच फेरी. त्या फेरीत तात्या एकालाच सावरू शकत होता. त्याने चिंगीला सावरलं तर दुसऱ्या घंटेला तो स्वतः पडायचा, स्वतःला सावरलं तर चिंगी.

इतर कुणी खेळणारा असता तर म्हणाला असता, पडू दे एकाला, बाटली द्या, पुढे चला. मीही एकदा म्हणाले. वहिनीने मशीन बंद केलं.

किती वेळा हरलो ते मोजलं नाही. दरवेळी कुणीतरी पडायचं, मशीन बंद व्हायचं, शेकोटीपासून पुन्हा. मला राग यायला लागला होता. वहिनीला येत नव्हता. ती कुशीवर पडून बघत राहायची, म्हशीच्या वागण्याकडे बघावं तशी. एका दुपारी मी ताक घुसळत होते, ती म्हणाली, "सुप्रे, तो अशक्तालाच मारतो गो."

"म्हणजे?"

"सोटा. मी बगत होते. ज्याची पट्टी सगळ्यात कमी, त्यालाच हानतो. दुसऱ्या कोणाला नाय."

मी रवी ठेवून येऊन बसले. तीन फेऱ्या बघितल्या. खरंच होतं.

"मंग अशक्त कोण ते आपण ठरवायचं," वहिनी म्हणाली.

त्या दिवसापासून आम्ही भाऊला मुद्दाम अर्धवट ठेवायला लागलो. तात्याने त्याला पूर्ण बरं करायचंच नाही, सगळ्यांपेक्षा थोडा कमी ठेवायचा. आणि भाऊने दर फेरीला ढाल पुढे करून उभं राहायचं, म्हणजे सोट्याचा निम्माच मार बसतो. घंटाराव न चुकता त्यालाच हाणायचा. उरलेले तिघे मोकळे.

सोट्याचा प्रश्न सुटला, दोन घंटांचा उरला. त्यात माझ्या कामाचा उपयोग झाला. प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या नळीतून एक द्राव दुसऱ्यात थेंब थेंब सोडतो. रंग बदलणार ती जागा जवळ आली की हात आवरायचा, अगदी काठावर थांबायचं. मी वहिनीला म्हटलं, याला निम्म्याच्या काठावर नेऊन थांबवू. तोवर चवताळत नाही ना? मग तिथे त्याला खेळवत ठेवू आणि आपण तयारी करू. काडी धनुष्य ताणून धरू शकते, जितक्या फेऱ्या ताणून धरेल तितका बाण जबर लागतो. चिंगीजवळ सबंध खेळात न वापरलेली, स्फोटाच्या दारूची मडकी आहेत. सगळी तयारी झाली की एकाच फेरीत सगळं सोडायचं. मग त्याची पहिली घंटा खायची. त्यानंतरच्या आपल्या एका फेरीत तो संपला पाहिजे. दुसरी घंटा वाजताच कामा नये.

"आन् नाय संपला तर?"

"तर शेकोटी."

पहिल्या प्रयत्नात आम्ही फसलो, कारण काडीने आधी विषारी बाण मारले होते. विष आपोआप चढत राहतं, आम्ही तयारी करत असतानाच त्याची पट्टी स्वतःहून निम्म्याखाली घसरली. म्हणून विष बंद. दुसरी अडचण, निम्मं कुठे ते नजरेला नेमकं कळत नव्हतं. तेव्हा वहिनीने कपाळावरची टिकली काढली आणि मला म्हणाली, "हां, लाव त्या पट्टीच्या मधोमध." मी मोजपट्टी आणून टीव्हीच्या काचेवर टिकली लावली. त्यानंतर राक्षसाच्या पट्टीवर ती मरून टिकली आणि वहिनीचं कपाळ मोकळं, असे आमचे दिवस चालले.

शेवटची लढाई झाली त्या रविवारी सुट्टी होती. आदल्या दोन दिवसांत अवेळी पाऊस पडून गेला होता आणि सगळ्यांच्या तोंडी भाताचीच काळजी होती, कणसं बाहेर पडायच्या वेळी पाऊस झाला की फुलोरा झडतो म्हणून. आम्ही दोघी अकराच्या सुमारास बसलो. म्हणजे मी बसले, ती झोपूनच. घंटारावाला टिकलीच्या काठावर आणून ठेवलं. भाऊ मार खात राहिला. काडी ताणून उभी. घंटेच्या फेऱ्या तात्याने सावरून नेल्या. वहिनी पुटपुटत होती, "जरा दम धर, जरा दम धर," काडीला म्हणत होती की कुणाला, कळत नव्हतं.

मग तिने सोडलं. चिंगीची मडकी एकदम, काडीचा बाण, भाऊची तलवार. लाल पट्टी टिकलीखालून सरकत डाव्या टोकापर्यंत गेली आणि थोडीशी राहिली. पहिली घंटा वाजली. चिंगी आणि तात्या दोघांच्याही पट्ट्या जवळजवळ संपल्या, पण दोघं उभी होती.

आमची एक फेरी. चिंगीच्या सुरीने थोडं गेलं. काडीचा बाण चुकला. मी "अरेरे" म्हणाले. भाऊच्या तलवारीने आणखी गेलं, आणि पट्टीच्या टोकाला केसाएवढी लाल रेघ उरली. आता फक्त तात्याचा टर्न. चिंगीला सावरायचं की स्वतःला? एक नक्की जाणार होता.

वहिनीने रिमोट उशीवर ठेवला. पाणी मागितलं. मी दिलं. ती प्यायली. समोर घंटाराव सोटा उगारून गप उभा होता.

"तात्याने अजून कोणाला मारलंच नाय ना?" ती म्हणाली.

"त्याची काठी कसली लागणार? तो बरं करणारा आहे."

"हातात काठी तर हाय ना त्याच्या."

तिने बटण दाबलं. म्हातारा दोन पावलं पुढे गेला आणि त्याने त्या एवढ्या थोरल्या धुडाच्या गुडघ्यावर काठी मारली. लाल रेघ गेली. घंटाराव थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग हळूहळू बसत आडवा झाला.

मी ओरडले. तिच्याकडे वळून पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं ते "उठू नकोस!" ती उठली नव्हतीच. एक हात पोटावर ठेवून आवाज न करता हसत होती, हसण्यानेही धक्का बसेल या भीतीने. चौघं उभी होती. खेळाने आम्हाला थोडी नाणी दिली, एक घंटा दिली, आणि पुढचं दार उघडलं. कोणी पडलं नाही याबद्दल पडद्यावर एक शब्दही आला नाही. बाटल्या देऊन देऊन जो जिंकतो त्यालाही तेवढीच नाणी, तेवढीच घंटा. आम्ही काय करून बसलो होतो ते त्या मशीनला कळलंच नव्हतं. स्वतः घालून घेतलेल्या नियमाचं हे असंच असतं. तो पाळला तर बघायला कुणी नसतं, मोडला तर विचारायला कुणी नसतं.

"जेवायला काय हाय गो?" वहिनीने विचारलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. वहिनीने तिला सगळं सांगितलं, काठीसुद्धा. आई म्हणाली, "बगलंस? म्हातारा कामी आला."

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, मी कामावर जायच्या तयारीत असताना वहिनीने हाक मारली. तिला रक्त दिसलं होतं.

मालकांनी गाडी काढली. महाडपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हा मला कळलं की मी मनातल्या मनात एक सौदा केला होता. ती चौघं नाही पडली तर हेही नाही पडणार. कुणाशी केला होता तो सौदा? त्या डब्याशी? मला त्या खेळाचा इतका संताप आला की दवाखान्याच्या बाकावर बसून मी ठरवलं, घरी जाऊन ते मशीन दादाला परत द्यायचं. दिलंही. त्या किल्ल्याच्या पुढे काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, टाका धरून आहे, पण आता इथेच राहू दे. वहिनी दवाखान्यातल्या कॉटवर झोपली. पायाकडची बाजू विटा लावून उंच केलेली. मी कामाची पाळी संपवून थेट तिकडे जायचे. खेळ नाही, टीव्ही नाही. आम्ही गप्पा मारायचो, शिवथरच्या, तिच्या माहेरच्या नदीच्या, म्हशींच्या, नाहीतर काहीच नाही. बाहेर भात निसवलं, कणसं दिसायला लागली, दाणा भरला, पिवळं पडलं. लवकर येणारं हळवं भात कापून झालं, उशिराचं गरवं उभं राहिलं. वाडीवर आईने कापणी माणसं लावून उरकली. दवाखान्यात बसून आम्ही त्या दिवसांत जे केलं ते एवढंच, दिवस गेला की दिवस गेला म्हणायचं.

मार्गशीर्षात एका सकाळी मुलगी झाली. दिवस भरायच्या बरंच आधी. ती रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दादा मुंबईहून निघून थेट दवाखान्यात आला आणि काचेबाहेर उभा राहून म्हणाला, "एवढीशी?" काही आठवडे ती पेटीत होती. एकदा श्वास अडखळला होता, एकदा कावीळ झाली. मग हळूहळू दूध प्यायला लागली. माघात आम्ही तिला वाडीवर नेलं.

म्हणजे घंटारावाचा आणि तिचा काही संबंध नव्हता. टाका, औषधं, डॉक्टरीणबाईंचे हात, आणि नशीब. हे मला आता स्वच्छ कळतं. तरी भात पोटरीला आलं की मला टाका आठवत नाही. मला टीव्हीवरची टिकली आठवते, ढाल धरून मुद्दाम अर्धवट ठेवलेला भाऊ आठवतो, आणि "अशक्त कोण ते आपण ठरवायचं" म्हणणारी वहिनी. माझ्या डोक्यात तो सगळा ऋतू तिचा आहे. तिची जिद्द, तिचा नियम, तिची लढाई. मी वाचून दाखवणारी आणि भात लावणारी.

परवा, बसमधून ती खाचरं बघितल्यावर, मी तिला फोन केला. आता वाडीवर घरातसुद्धा फोन लागतो. मागे मुलीचा आवाज येत होता, ती यंदा बालवाडीत जाते. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हटलं, "वहिनी, घंटाराव आठवतो का?"

"कोण गो?"

"अगं, खेळातला. घंटेवाला. तात्याने काठी मारली तो."

"खेळत होतो खरं आपण," ती म्हणाली. "बाण होते त्यात. तात्या... हां, दाढीवाला. मारली का त्याने काठी? मला नाय बा आठवत."

मला धक्काच बसला. "मग तुला काय आठवतं त्या दिवसांतलं?"

"तू आठवतेस."

"मी काय केलं?"

"तू कामावरून यायचीस ना," वहिनी म्हणाली, "तर आदी दारातनं माझ्या तोंडाकडं बगायचीस. चपला पण काढायची नायस. पिशवी खांद्यावर तशीच. आदी माझं तोंड बगायचीस, आन् मंग श्वास सोडायचीस. रोज. मी दुपार झाली की तोंड नीट करून ठेवायची. म्हनलं, पोरगी दिवसभर उभी राहून येते, तिने दारात घाबरायला नको."

बस नाक्यावर थांबली होती, दुसऱ्या पाळीची माणसं चढत होती.

"कधी कधी मला दुखत असायचं," ती म्हणाली. "तरी ठेवायची. तेवढंच माझ्या हातात होतं बग."

मग मुलीने तिला हाक मारली आणि ती म्हणाली, "ठेवते गो, हिला भाकरी देते."